हॉकर सेंटर आणि कोपीतियाम : सिंगापूरला ट्रे दोन्हीकडे सारखेच, मग फरक काय?

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ सिंगापूर करून आला आणि फराळाला बसल्या बसल्या फोटो दाखवायला लागला, हे बघ म्हणे हॉकर सेंटर, युनेस्कोच्या यादीतलं. फोटोत काय, तर राहत्या बिल्डिंगच्या तळमजल्याला सहा-सात गाळे, मधे गोल टेबलं, डोक्यावर गरागरा पंखे आणि कोपऱ्यात बिअरची बाटली पुढ्यात घेऊन निवांत बसलेले एक आजोबा. म्हटलं अरे हे हॉकर सेंटर नाहीच, हे कोपीतियाम, म्हणजे तिथलं कॉफीचं दुकान. तर म्हणाला काय फरक पडतो, भात तोच, नूडल्स त्याच, ट्रेसुद्धा तोच.

पोटाला फरक पडत नाही हे मान्य. पण मी नोकरीच्या निमित्ताने तिथं तीन वर्षं काढलीत आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगून सांगून दमलोय, म्हणून आता लिहूनच टाकतो. दोन्हीकडे बसायची रीत वेगळी, मागवायची वेगळी, जायची वेळही वेगळी, आणि एकीकडची रीत दुसरीकडे वापरली की उगाच ओशाळायला होतं.

मुळातला फरक जागा कोणाच्या हातात आहे यात आहे, बाकी सगळं त्यातून येतं.

हॉकर सेंटर सरकारी. म्हणजे अन्न सरकार शिजवत नाही, पण छप्पर, नळ, गटार, टेबलं, खुर्च्या सरकारने बांधलेल्या. एकेकाळी सिंगापूरच्या रस्त्यांवर आपल्यासारख्याच गाड्या लागायच्या, पाणी बादलीने आणायचं, खरकटं गटारात, नदीत. 1968-69 मध्ये सरकारने या फेरीवाल्यांची नोंदणी केली तेव्हा साधारण 18,000 निघाले, आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने उचलून या नव्या बांधलेल्या सेंटरांमध्ये बसवलं. आपल्याकडे फेरीवाला म्हटलं की पालिकेची गाडी आणि पळापळ एवढंच डोळ्यापुढे येतं, तिथं गाडी उचलली तर गाळाही दिला. त्यामुळे हॉकर हा शब्द तिथं अजून टिकलाय, आता रस्त्यावर जवळपास कोणी नाही तरी. आज अशी शंभरावर सेंटरं आहेत आणि 16 डिसेंबर 2020 ला युनेस्कोने जी 'हॉकर कल्चर' यादीत घेतली ती या सगळ्या प्रकाराची, इथल्या खाण्याची आणि एकत्र बसून खाण्याच्या सवयीची.

कोपीतियाम खाजगी. कोपी म्हणजे मलय भाषेत कॉफी आणि तियाम म्हणजे होक्किएन या चिनी बोलीत दुकान, म्हणजे शब्दच दोन भाषांची भेळ. हे बहुतेक हैनान बेटावरून आलेल्या चिनी लोकांनी वाढवलं. ही मंडळी सिंगापूरला इतर चिनी लोकांच्या मागून पोचली, चांगले धंदे आधीच दुसऱ्यांनी धरलेले, मग बरेच जण इंग्रजांच्या घरी नाहीतर जहाजांवर स्वयंपाकी लागले, तिथं टोस्ट-अंडी-कॉफी शिकले आणि पुढे स्वतःची दुकानं काढली. जुन्या कोपीतियाममध्ये संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असायच्या, जुने म्हातारे कॉफी बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे. वाचून इराण्याचं हॉटेल आठवलं ना? मलाही पहिल्यांदा तेच आठवलं. तिथंही मागून आलेले लोक, तिथंही पाव नि अंडी, फक्त बन मस्काच्या जागी काया टोस्ट, म्हणजे नारळाचं दूध, अंडं, साखर आणि पांदानची पानं घालून केलेला जॅम आणि थंडगार बटरचा जाड तुकडा, सोबत अर्धवट उकडलेली अंडी सोया सॉस आणि पांढरी मिरी टाकून. (ज्यांना कच्चट अंडं चालत नाही त्यांनी तिकडे बघू नये.) 'किलिनी कोपीतियाम' 1919 पासूनचं, 'या कुन' 1944 पासूनचं, दोन्ही आता चेन झाल्यात, पण चव घ्यायला बरी.

तर मालक वेगळा म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. हॉकर सेंटरमध्ये बहुतेक गाळेवाले थेट सरकारचे भाडेकरू. गाळा दुसऱ्याला भाड्याने द्यायची परवानगी नाही, आणि रस्त्यावरून आणून बसवलेल्या पहिल्या पिढीला भाडंही अगदी सवलतीचं. कोपीतियाममध्ये एक मुख्य मालक किंवा चालक असतो, पेयांचा गल्ला तो स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे सहा-सात किंवा दहाएक गाळे भाड्याने लावतो. एक चिकन राइसवाला, एक नूडल्सवाला, एक रोटी परोठा करणारा मुस्लिम भाई, एक झी चार म्हणजे संध्याकाळी घरगुती चिनी जेवण करून देणारा. गल्ला मालकाचा म्हटल्यावर त्याला तुम्ही बसून प्यायला हवे असता, म्हणून तिथली काकी टेबलापाशी येऊन आधी ड्रिंक विचारते. आणि जागेची किंमत विचारू नका, 2022 मध्ये तांपिनेसमधलं एक कोपीतियाम 4 कोटी 16 लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलं, आपल्या हिशोबात अडीचशे कोटींच्या आसपास, आणि जागा काय तर एका हाउसिंग बिल्डिंगचा तळमजला. एवढा पैसा घालणारा भाड्यातूनच वसूल करणार ना, मग त्या गाळ्यावरची प्लेट सेंटरपेक्षा थोडी महाग निघाली तर त्या बिचाऱ्या नूडल्सवाल्यावर चिडू नका. तरी रेस्टॉरंटपेक्षा दोन्ही स्वस्तच, कारण तिथं बिलावर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वरून लागतो, इथं बोर्डावर लिहिलंय तेवढेच द्यायचे.

आकारावरून ओळखायचं तर सोपं आहे. हॉकर सेंटरं मोठी, चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेच्या वर गाळे, मॅक्सवेलला शंभरेक, आणि खाली किंवा शेजारी बऱ्याचदा भाजी-मासळी बाजार. कोपीतियाम एका नजरेत मावतं.

हॉकर सेंटरमध्ये माणूस गाळ्यासाठी जातो. अमुक नंबरचा चिकन राइस, तमुक मावशीचं लाक्सा (नारळाच्या दुधाच्या तिखट रश्श्यातल्या नूडल्स), लोक शहराच्या दुसऱ्या टोकावरून येतात आणि अर्धा तास रांगेत उभे राहतात. आपणही तसंच करायचं, रांग जिथं मोठी आणि रांगेत ऑफिसवाले जास्त तिथं उभं राहायचं, पर्यटकांच्या रांगेला मी फार किंमत देत नाही. कोपीतियाममध्ये माणूस जागेसाठी जातो, घराखाली आहे म्हणून, ओळखीचं टेबल आहे म्हणून, पेपर वाचायला, संध्याकाळी बिअर घेऊन बडबड करायला. तिथं रांग नसली तर वाईट समजू नका.

माझा पहिला फजितवाडा इथंच झाला. एका सेंटरमधून भात घेतला, दुसऱ्या गाळ्यावरून सूप, तिसऱ्याकडून उसाचा रस आणि मनसोक्त कुठंही बसलो, मस्त चाललं. पुढच्या आठवड्यात घराजवळ शेजारी शेजारी दोन कोपीतियाम होती, मी एकातून नूडल्स घेतल्या आणि जागा नव्हती म्हणून ट्रे घेऊन सरळ शेजारच्यात जाऊन बसलो. काकी आली, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं, बाहेरचे पदार्थ चालणार नाहीत. आता डोकं लावलं तर बरोबरच आहे, दोन वेगळे मालक, दोन वेगळी हॉटेलं, उडप्याकडचा डोसा घेऊन आपण शेजारच्या खानावळीत बसतो का? पण दोन्हीकडे भिंतीच नाहीत म्हटल्यावर सुचायचं कसं.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, चोप. टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री नाहीतर ऑफिसचं ओळखपत्र ठेवलेलं दिसलं तर ते कोणी विसरलेलं नाही, ती जागा अडवलीय. आपला एसटीत रुमाल टाकायचा प्रकार. उचलून बाजूला ठेवलंत तर परत येणारा माणूस काही बोलणार नाही पण अशा नजरेने बघेल की जेवण घशाखाली उतरणार नाही.

कॉफीची भाषा मात्र शिकून जा, ही दोन्हीकडे चालते पण खरी मजा कोपीतियाममध्ये. बिया रोबस्टाच्या, साखर आणि मार्जरीन किंवा बटर घालून काळ्याकुट्ट भाजलेल्या, आणि गाळायला लांब कापडी पिशवी, मोज्यासारखी. नुसतं कोपी म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घालून गोड मिळते. कोपी ओ म्हणजे दूध नाही, साखर आहे. कोपी सी म्हणजे कंडेन्स्डऐवजी बिनगोडाचं आटवलेलं दूध आणि साखर, यातला सी कार्नेशन कंपनीच्या डब्यावरून आला असं सांगतात. कोसोंग म्हणजे मलयमध्ये रिकामं, म्हणजे साखर नको. सियू दाय म्हणजे साखर कमी, आणि आपल्या पोटाला बहुतेक वेळा हेच लागतं कारण त्यांचं नेहमीचं गोड म्हणजे आपल्या लग्नातल्या बासुंदीएवढं. पेंग म्हणजे बर्फ. कडक हवी तर गाव, पातळ हवी तर पो. चहाला 'ते' म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस गल्ल्यासमोर उभा राहून बोट दाखवत 'ते, ते' करायला लागला की त्याला दोन चहा मिळतात, हे मी स्वतः बघितलंय. आल्याचा चहा हवा असेल तर 'ते हालिया', दुधाचा, आपल्या चहाच्या बऱ्यापैकी जवळ जातो. आणि कोणी काउंटरवर मायकल जॅक्सन मागवताना ऐकलं तर दचकू नका, पांढरं सोया दूध आणि त्यात काळी ग्रास जेली, एवढंच आहे ते.

आता सगळ्यात मोठा घोळ नावांचा. कोपीतियाम नावाची एक कंपनीच आहे, मॉलमध्ये एसी फूड कोर्ट चालवते, त्याच्यावर लिहिलेलं असतं कोपीतियाम पण ते कोपीतियाम नाही. आणि लाउ पा सात, ते अष्टकोनी, लोखंडी सांगाड्याचं जुनं मार्केट, जिथं संध्याकाळी बाहेरचा रस्ता बंद करून 'साते' म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे भाजतात, ते दिसायला अगदी हॉकर सेंटर, पण चालवायला वर्षानुवर्षं हीच कोपीतियाम कंपनी. (पा सात म्हणजे मलय पासार, म्हणजे फारसी बाजार, म्हणजे आपलाच बाजार. शब्द कुठून कुठं जातात.) हॉटेलांना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडवाल्यांनी 2016 मध्ये दोन गाळ्यांना स्टार दिला तेव्हा जगभर 'हॉकरना स्टार' अशा बातम्या झाल्या, त्यातला सोया सॉस चिकनवाला चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये म्हणजे हॉकर सेंटरमध्येच होता, पण दुसरा, हिल स्ट्रीट ताय ह्वा पोर्क नूडल, क्रॉफर्ड लेनवर बिल्डिंगच्या तळमजल्याच्या दुकानात. म्हणजे सेंटर नसतानाही हॉकर. तिथले लोक स्वतःही बोलताना इतकं काटेकोर नसतात. मलेशियात गेलात तर हे सगळं विसरा, तिथं कोपीतियाम म्हणजे जुनं चिनी कॉफीचं दुकान आणि त्याच्या दारात, आत, बाजूला गाडीवाले.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. लिटल इंडियाचं टेक्का सेंटर हे हॉकर सेंटरच, तिथं डोसा मिळतो, पाटीवर थोसाय लिहिलेलं असतं, पण शेजारीच मटण-मासळीचा बाजार आहे, वासाची तयारी ठेवा. खरी युक्ती म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी गाळा शोधायचा, सेंटरांमध्ये आणि बऱ्याच कोपीतियाममध्येही एखादा असतो, तळलेली बी हून म्हणजे तांदळाच्या शेवया आणि वर सोयाचे खोटे खोटे मांसाचे तुकडे, आणि परंपरेने त्यात कांदा-लसूणही नाही. बायकोची जैन मैत्रीण आली होती ती तीन दिवस तेवढ्यावर खूश होती. बाकी ठिकाणी भाजी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका, सांबाल म्हणजे मिरचीच्या चटणीत कोळंबीची पेस्ट, लाक्सात सुकी कोळंबी, चिनी रोजाक म्हणजे फळं-भाज्यांच्या सॅलडच्या काळ्या सॉसमध्येही कोळंबीची पेस्ट. कॅरट केक नावाच्या पदार्थात गाजर नसतं आणि तो केकही नसतो, मुळा आणि तांदळाच्या पिठाचे वाफवलेले तुकडे अंड्यात परतलेले. आणि कोपीतियाममधल्या परोठ्याबरोबर येणारी वाटी आधी विचारून घ्या, डाळ की फिश करी.

वेळेचं माझं गणित सरळ आहे. सकाळी कोपीतियाम, कारण टोस्ट-कॉफीची खरी वेळ तीच आणि सेंटरमधले नावाजलेले गाळे बरेचदा अकराशिवाय उघडत नाहीत. दुपारी सेंटर, पण बारा ते दीड टाळून, ऑफिसची गर्दी मरणाची. संध्याकाळी चार-पाच जण असाल तर परत कोपीतियाम, झी चारवाल्याकडे दोन-तीन डिश मधे ठेवून भात. सेंटरला जायच्या आधी सफाईची सुट्टी नाही ना ते बघा, सेंटरं अधूनमधून काही दिवस स्वच्छतेसाठी पूर्ण बंद असतात आणि तारखा आधी जाहीर होतात. गाळेवाल्यांची स्वतःची सुट्टी वेगळी, सोमवारी बरेच बंद, आणि चिनी नववर्षात गेलात तर अर्धं सेंटर शटर ओढलेलं. सुट्टे पैसे ठेवा, म्हाताऱ्या गाळेवाल्यांना कार्ड दाखवून उपयोग नाही.

आणि खाऊन झाल्यावर ट्रे उचला. सेंटरांमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून आणि कोपीतियाममध्ये 1 जानेवारी 2022 पासून टेबल स्वतः रिकामं करणं सक्तीचं आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. ट्रे ठेवायचे रॅक बरेच ठिकाणी दोन असतात, एक हलालचा आणि एक बाकीच्यांचा, पाटी वाचून ठेवा. मावसभावाला विचारलं तू कुठल्या रॅकमध्ये ठेवलास, तर म्हणे रॅक? मी तर टेबलावरच ठेवून आलो.