ईश्वरावलंबन आणि दातृत्व (ख्रिस्ती भक्तिचिंतन)

ईश्वरावलंबन आणि दातृत्व : ख्रिस्ती भक्तिजीवनातील एकमेकींत गुंतलेल्या दोन वृत्ती. निर्वाहाची, उद्याच्या दिवसाची आणि अखेरीस स्वतःच्या जिवाचीही भिस्त देवावर ठेवणे ही पहिली वृत्ती, तर हाती आलेले धन, वेळ, श्रम आणि घर गरजवंतासाठी मोकळ्या मनाने खुले करणे ही दुसरी. रोजच्या मननाच्या पुस्तिका, प्रवचने आणि प्रार्थनासंग्रह यांत दोन्ही विषयांना मोठी जागा मिळालेली आहे. मात्र बरेचदा ते निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या मथळ्यांखाली येतात आणि त्यांना जोडणारा मूळचा सांधा वाचकाच्या नजरेतून निसटतो. बायबलमध्ये तो स्पष्ट आहे. उद्याच्या धास्तीने माणसाची मूठ आवळली जाते अशी तेथील धारणा आहे, आणि म्हणून भरवशाचा उपदेश जेथे येतो तेथे त्याच्या मागेपुढे देण्याचा उपदेशही बहुधा सापडतो.

मत्तयकृत शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्र व शिकवणीच्या बायबलमधील चार वृत्तांतांपैकी एकाचा) सहावा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याची सुरुवात गाजावाजा न करता दानधर्म करण्याच्या सूचनेने होते. पुढे रोजच्या भाकरीची प्रार्थना येते, मग कसर आणि जंग लागणाऱ्या पृथ्वीवरील संपत्तीचा विषय निघतो, देव आणि धन या दोघांची चाकरी करता येत नाही असे बजावले जाते, आणि एवढे झाल्यावरच आकाशातील पाखरे व रानातील फुले दाखवून उद्याची चिंता करू नका असे येशू सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात हा क्रम अधिकच ठळक आहे. भरघोस पीक आल्यावर जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करणारा आणि त्याच रात्री प्राणास मुकणारा धनवान आधी येतो. त्यानंतर पेरणी-कापणी न करणारे कावळे येतात. आणि शेवटी, जे आहे ते विकून दानधर्म करा अशी थेट आज्ञा येते. पाखरांचा आणि फुलांचा उतारा तेवढाच वेगळा काढून छापला की तो मनाला दिलासा देणारा वाटतो. लूकच्या क्रमाने वाचला तर तो पुढच्या आज्ञेची तयारी करून घेणारा आहे, हे ध्यानात येते.

या विचाराचे बीज बायबलच्या जुन्या करारातील (येशूपूर्व भागातील) निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाच्या कथेत आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात दररोज सकाळी अन्न मिळते, पण माणशी एक ओमर या मापाने आणि त्या दिवसापुरतेच. मापून पाहता ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरत नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडत नाही. काही जण सकाळपर्यंत साठवून ठेवतात, तर त्यात किडे पडतात आणि घाण सुटते. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचे असते, कारण शब्बाथाच्या म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवशी मान्ना मिळत नाही, आणि तो साठा नासत नाही. म्हणजे कथेचा रोख साठवण्यावर सरसकट नाही. देवाच्या शब्दावर विश्वास न ठेवता केलेल्या साठवणुकीवर आहे. हा बारकावा विसरल्यामुळे पुढे अनेक चिंतनकारांनी बचत आणि अविश्वास यांची गल्लत केलेली दिसते.

जुन्या कराराने ही वृत्ती केवळ मनोभावावर सोडलेली नाही, तिला कायद्याचे रूप दिले आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेली कणसे व द्राक्षे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावीत, असे लेवीय हे पुस्तक सांगते. अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील नियम माणसाचे मन चांगले ओळखणारा आहे : दर सातव्या वर्षी कर्जमाफी करायची, पण माफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाला उसने देण्यास हात आखडता घ्यायचा नाही. अशा वेळी दिलेले परत येण्याची शक्यता फारशी नसते, आणि देणाऱ्याचा भरवसा नेमका तेथेच कसोटीला लागतो. दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, प्रथा याच चौकटीतली. पुढे येशूने पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश काटेकोरपणे देणाऱ्या, परंतु न्याय व दया सोडून देणाऱ्या शास्त्र्यांवर कडक टीका केली. ख्रिस्ती मंडळ्यांत (स्थानिक उपासक समुदायांत) दशांश हा नियम मानावा की किमान मर्यादा, यावर आजही एकमत नाही.

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकणारी विधवा ही दातृत्वावरील चिंतनात सर्वांत जास्त वेळा येणारी व्यक्ती असावी. धनवानांनी आपल्या भरपुरीतून टाकले, हिने आपली सगळी उपजीविका टाकली, असे येशू म्हणतो. मार्कच्या शुभवर्तमानातील मांडणीत मात्र या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे आणि लगेच नंतर त्याच मंदिराच्या नाशाचे भाकीत आहे. त्यामुळे हा प्रसंग केवळ कौतुकाचा नसून, विधवेवर अशी पाळी आणणाऱ्या व्यवस्थेबद्दलचा खेदही त्यात आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. हे मत पूर्णपणे स्वीकारले नाही तरी, गरिबाकडून त्याचे शेवटचे नाणे मागण्यासाठी या कथेचा वापर करणाऱ्याला ते अडवते, एवढा त्याचा उपयोग नक्कीच आहे.

दोन्ही वृत्तींची सर्वांत विचारपूर्वक सांगड आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा प्रेषित पौल याच्या पत्रांत आढळते. यरुशलेममधील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने ग्रीसकडील मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. अखयातील करिंथ शहराच्या मंडळीला (करिंथकरांना) त्याने सुचवलेली पद्धत साधी आहे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ होणार नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत तो मासेदोनियातील लोकांचे उदाहरण देतो. ते स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असून त्यांनी आपल्या शक्तीपलीकडे दिले, आणि देण्याची संधी मिळावी म्हणून त्यांनीच आग्रह धरला. येथेच पौल मान्नाचे वचन उद्धृत करतो. रानात जी समता देवाने थेट साधली होती, ती आता एका मंडळीच्या विपुलतेने दुसरीची उणीव भरून साधली जावी, असा त्याचा युक्तिवाद आहे. देव पुरवतो, पण माणसांच्या हातून, हे सूत्र येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने मांडले गेले. शिवाय या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून तो मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर पाठवतो. हिशेबातील चोखपणा त्याला भरवशाच्या आड येणारा वाटत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात ऐपत असणारे स्वेच्छेने जे देतात ते अध्यक्षापाशी जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाते, असे नमूद आहे. इजिप्तमधील तपस्वी अँटनी याच्या जीवनात या दोन वृत्तींची जोडी विलक्षण रीतीने दिसते. बिशप अथानेशियसने लिहिलेल्या चरित्रानुसार, जे आहे ते विकून गरिबांना दे हे वचन चर्चमध्ये वाचले जात असताना त्याने ऐकले, वडिलार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसे वाटले आणि बहिणीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली. पुन्हा चर्चमध्ये गेला तेव्हा उद्याची चिंता करू नका हे वचन कानी पडले आणि ती राखलेली रक्कमही त्याने देऊन टाकली. बहिणीला त्याने व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केले. तिला यावर काय वाटले, हे चरित्रकार सांगत नाही.

कॅपाडोशियातील (आजच्या तुर्कस्तानातील) सिझेरियाचा धर्मगुरू बेझिल याने ३६८ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात धान्य साठवून बसलेल्यांना धारेवर धरले. तुझ्याकडे अडवून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्याचे आहे, असा त्याच्या प्रवचनाचा आशय होता. पुढे त्याने शहराबाहेर आजारी, गरीब व प्रवासी यांच्यासाठी मोठी आश्रयस्थाने उभारली. धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टमने चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओकमध्ये लाजर आणि श्रीमंत मनुष्य यांच्या दृष्टांतावर बोलताना, आपल्या संपत्तीतील वाटा गरिबांना न देणे ही चोरीच आहे असे प्रतिपादन केले. तेराव्या शतकात फ्रान्सिस ऑफ असिसी याने मालमत्तेचाच त्याग करून ईश्वरावलंबनाला भिक्षेचे रूप दिले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट परंपरेत भर श्रमावर आला. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत (प्रश्नोत्तरांच्या रूपातील धर्मशिक्षणाच्या पुस्तकात), चोरी करू नको या आज्ञेचा अर्थ सांगताना, गरजूंना साहाय्य करता यावे म्हणून इमानेइतबारे काम करणे हेही त्या आज्ञेत अभिप्रेत असल्याचे म्हटले आहे. काम न करणाऱ्याने खाऊही नये, हा पौलाचा इशारा या परंपरेला नेहमीच जवळचा वाटला.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याचे सूत्र प्रसिद्ध आहे : होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा, होईल तितके द्या. एका प्रवचनात त्याने ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब मांडला आहे. त्याचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड होते तेव्हा तो २८ पौंडांत राहिला आणि २ पौंड दिले. उत्पन्न ६० झाले तरी २८ मध्येच राहून ३२ दिले. ९० झाले तेव्हा ६२ आणि १२० झाले तेव्हा ९२ दिले. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे सामान्यतः मानले जाते. उत्पन्नाबरोबर गरजा वाढू न देणे हे त्याच्या दातृत्वाचे मर्म होते. उतारवयात त्याने, आपले अनुयायी पहिल्या दोन सूचना पाळतात आणि तिसरी विसरतात, अशी तक्रार केली.

जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) याने ब्रिस्टल येथे १८३६ मध्ये अनाथगृह सुरू केले. देणग्यांसाठी कोणापाशीही शब्द टाकायचा नाही, कर्ज काढायचे नाही आणि गरज फक्त प्रार्थनेत देवापुढे मांडायची, असा त्याचा नियम होता. या कामामागील हेतू त्याने स्वतः नोंदवला आहे. दिवसाचे चौदा-सोळा तास राबणारा एक विश्वासू गृहस्थ, काम कमी केले तर घर चालणार नाही या भीतीने प्रार्थनेलाही वेळ काढू शकत नव्हता. अशा माणसांना देव आजही पुरवतो याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्युलरला द्यायचा होता. १८४९ ते १८७० या काळात अ‍ॅशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. तो देणग्यांचा काटेकोर हिशेब ठेवी व वार्षिक अहवाल प्रसिद्ध करी. त्या अहवालांमुळेच लोकांना गरज कळत होती, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही चणचणीच्या ऐन दिवसांतही तो गरज उघड करणे टाळत असे, हे लक्षात घ्यावे लागते.

विसाव्या शतकात अमेरिकेत फोफावलेल्या आणि तेथून जगभर पसरलेल्या समृद्धीच्या शिकवणीने हे सूत्र उलटे केले. देणगी हे बियाणे असून देव त्याचे अनेक पटींनी पीक देण्यास बांधलेला आहे, असे ती सांगते. त्यासाठी जुन्या करारातील मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील, दशांश आणून देवाची प्रचीती पाहा, हे आव्हान संदर्भ सोडून वापरले जाते. निरनिराळ्या पंथांच्या ईश्वरविद्यावेत्त्यांनी या शिकवणीचा प्रतिवाद केला आहे. तिचा मुख्य दोष असा की तीत देणाऱ्याची भिस्त देवावर न राहता परताव्यावर बसते, आणि परतावा न मिळाल्यास तुझा विश्वास कमी पडला, असा ठपका पुन्हा गरिबावरच येतो.

या विषयावरील भक्तिपर लेखन प्रायः देणाऱ्याला उद्देशून असते, घेणाऱ्याविषयी ते फारसे बोलत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण ईश्वरावलंबनाचा प्रत्यक्ष अनुभव अनेकदा दुसऱ्याचे साहाय्य स्वीकारण्यातच येतो. बंदिवासातून फिलिप्पैकरांना (मासेदोनियातील फिलिप्पै शहराच्या मंडळीला) लिहिताना पौल त्यांच्या देणगीची पोच देतो, विपुलतेत आणि टंचाईत राहण्यास आपण शिकलो आहोत असे सांगतो, देण्याघेण्याच्या बाबतीत सुरुवातीला त्यांच्याखेरीज कोणतीही मंडळी आपली भागीदार झाली नाही याची आठवण करतो, आणि मगच माझा देव तुमची सर्व गरज पुरवील असे म्हणतो. मननपुस्तिकांत हे शेवटचे वाक्य एकटेच येते, पण मुळात ते ज्यांनी आधीच दिले होते त्यांना लिहिलेले आहे. हाच पौल करिंथमध्ये तेथील लोकांकडून काहीही न घेता तंबू शिवण्याचा धंदा करून राहिला होता. कोणाकडून घ्यावे आणि कोणाकडून घेऊ नये, हेही त्याने नात्याचा विचार करून ठरवले होते.