स्कॅनमधला लाल ठिपका विचार करत नाही

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या क्लासच्या पाट्यांवर हल्ली करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग दिसतात, आणि खाली मुलाचा ‘सुप्त’ मेंदू जागा करण्याची हमी. असले डाग एफएमआरआय स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये दिसतात, पण ज्या विजेवर मेंदूच्या पेशी काम करतात ती त्या यंत्राला कळतच नाही. त्याला दिसतं ते रक्त.

ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. असं हिमोग्लोबिन एमआरआयचा सिग्नल बिघडवतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये नेमका हाच बिघाड कामाला लावला. जिथे असं रक्त कमी होतं तिथे सिग्नल एखाद-दोन टक्के वाढतो, आणि संगणक तिथे लाल रंग भरतो.

इथे थोडं अडखळायला हवं. काम करणाऱ्या पेशी ऑक्सिजन खातात, मग तिथे ऑक्सिजन संपलेलं रक्त वाढायला नको का? ते घटतं, कारण ताजं रक्त गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतं. पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी १९८६ मध्ये माणसांच्या बोटांना कंपनं देऊन मोजलं, तर मेंदूच्या त्या भागात रक्तप्रवाह २९ टक्के वाढला होता, ऑक्सिजनचा वापर जेमतेम ५ टक्के.

हे जादा रक्त बोलावतं कोण? ऑक्सिजन कमी पडला की रक्त धावतं, अशी जुनी समजूत. प्रत्यक्षात मागणी आधीच जाते. गंगापूर धरणाच्या कालव्यावरचा बागायतदार द्राक्षवेल सुकेपर्यंत थांबत नाही, आधीच पाटकऱ्याला गाठतो. मेंदूत हे काम मुख्यतः ग्लुटामेट नावाचं रसायन करतं.

एक चेतापेशी दुसरीला निरोप देताना ग्लुटामेट सोडते. समोरच्या पेशीवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट ओळखणारी दारं, उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, एक एन्झाइम कामाला लागतं आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. हा वायू असल्याने पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. तो शेजारच्या बारीक धमनीपर्यंत पसरतो, तिच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि धमनी रुंदावते. शिवाय ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी आहेतच: त्यांचे काही तंतू सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, काही थेट रक्तवाहिनीला चिकटलेले. ग्लुटामेट टिपून त्या ॲराकिडॉनिक आम्ल सोडतात, त्यापासून धमनी रुंदावणारे प्रोस्टाग्लँडिन बनतात; आणि त्याच आम्लापासून धमनी आवळणारं रसायनही! कोणतं वरचढ ठरेल, हे तिथल्या ऑक्सिजनवरही अवलंबून असतं. केशवाहिन्यांना विळखा घालून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी आणि धमन्या आवळणारं नॉरॲड्रेनालिन तर मी अजून मोजलेलंही नाही.

म्हणून लाल ठिपक्याचा अर्थ जपून लावावा लागतो. निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने २००१ मध्ये माकडांवर दाखवलं की हा सिग्नल त्या भागातून बाहेर जाणाऱ्या संदेशांपेक्षा तिथे येणाऱ्या संदेशांशी आणि स्थानिक प्रक्रियेशी जास्त जुळतो. शिवाय तो शिगेला पोचतो पाचेक सेकंदांनी. पेशींचा कारभार मिलिसेकंदांत उरकलेला असतो. राहिला ‘सुप्त’ मेंदू. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव आपण स्वस्थ बसलेलो असतानाही सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. त्याला जागं करायला फी कशाला?

कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडवून मेंदूचा रक्तप्रवाह घटवतं, त्यामुळे स्कॅनआधी कॉफी घेतली का, हेही संशोधक विचारतात. आजोबांच्या स्कॅनमध्ये रंग फिका दिसला, तर पेशी मंदावल्या की धमन्या ताठरल्या, हे चित्रावरून सांगता येत नाही. ते ठरवायला त्यांना काही सेकंद श्वास रोखायला सांगतात: रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि निव्वळ रक्तवाहिन्या किती फुलतात ते वेगळं मोजता येतं.