माउस किती सरकला, नजर किती वळली

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी (माउस सरकवल्यावर नजर किती वेगाने वळेल तो आकडा) 1 वर हात बसलेला खेळाडू व्हॅलोरंट या तशाच गेममध्येही 1 टाकतो, आणि माउस जरासा हलवताच गर्रकन वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. आकडा तोच, पण वेग तिपटीहून जास्त.

माउसला कोनबिन काही कळत नाही. 800 डीपीआयचा माउस इंचभर सरकला की 800 नोंदी पाठवतो आणि मोकळा होतो. एका नोंदीला किती अंश वळायचं, हे गेम ठरवतो. सेन्सिटिव्हिटी 1 असताना काउंटर-स्ट्राइकमध्ये 0.022 अंश, व्हॅलोरंटमध्ये 0.07, ओव्हरवॉचमध्ये 0.0066. यातला 0.022 हा 1996 च्या क्वेकपासून चालत आलेला वारसा. क्वेकच्या इंजिनातून हाफ-लाइफचं इंजिन निघालं, त्यावर काउंटर-स्ट्राइक उभा राहिला, आणि त्याच घराण्यातल्या एपेक्स लेजंड्समध्येही हाच आकडा आहे. म्हणून काउंटर-स्ट्राइकमधून तिथे जाताना काहीच बदलावं लागत नाही. व्हॅलोरंटसाठी मात्र 3.18 ने भागायचं: 1 चे 0.314.

पडताळा घ्यायला पट्टी पुरते. क्रॉसहेअर (पडद्याच्या मधोमध असलेली नेमाची खूण) गेममधल्या दाराच्या कडेवर ठेवा आणि पूर्ण गिरकी घेऊन त्याच कडेवर आणा. 800 डीपीआय आणि 0.022 असेल तर माउस सुमारे 52 सेंटीमीटर सरकला पाहिजे. हळू आणि जोरात सरकवल्यावर वेगवेगळं अंतर भरलं, तर विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा किंवा गेममध्ये रॉ इनपुट (विंडोजच्या फेरफाराशिवाय थेट माउसच्या नोंदी घेणं) चालू करा.

खरी गंमत स्कोप लावल्यावर सुरू होते. काउंटर-स्ट्राइकमधल्या एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचा पहिला झूम दिसणाऱ्या दृश्याचा कोन 90 अंशांवरून 40 वर आणतो (4:3 पडद्याच्या मापाने), आणि गेम वळण्याचा वेगही त्याच प्रमाणात, म्हणजे 2.25 पट, कमी करतो. पण पडदा सपाट असल्यामुळे मधलं चित्र टॅन्जंटच्या हिशोबाने मोठं होतं (दोन्ही कोनांचे निम्मे घेऊन): टॅन 45 भागिले टॅन 20, म्हणजे 2.75 पट. वेग कमी झाला 2.25 पट आणि चित्र वाढलं 2.75 पट, त्यामुळे स्कोपमध्ये निशाणा बिचकल्यासारखा पळतो. झूम सेन्सिटिव्हिटीत अनेकजण 0.818933 असा विचित्र आकडा टाकतात, तो या दोहोंचं गुणोत्तर आहे.

मग झूम सेन्सिटिव्हिटीचा मूळचा 1 चुकीचा का? तसंही नाही. 1 वर 4:3 पडद्याच्या कडेपर्यंत पोचायला स्कोप असो वा नसो, हात तेवढाच सरकतो, 0.819 वर तो 22 टक्के जास्त सरकवावा लागतो. एक आकडा कडेला जुळतो, दुसरा मध्यभागी, आणि दोन्हीकडे जुळणारा आकडा सपाट पडद्यावर निघत नाही. मी मध्यभाग निवडेन, कारण डोक्यावर नेम धरताना शेवटची बारीक दुरुस्ती तिथेच होते.

स्कोप नसतानाही हा फरक थोडा उरतो. 16:9 पडद्यावर काउंटर-स्ट्राइक सुमारे 106 अंश दाखवतो, व्हॅलोरंट 103. त्यामुळे गिरकी तंतोतंत जुळवली तरी व्हॅलोरंटमध्ये मधलं चित्र साधारण 6 टक्के वेगाने सरकतं.