गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

कुत्रा मलूल झाला, खाईना, अंग तापलं की डॉक्टर आधी त्याचे कान उलटून बघतात आणि पंजांच्या बेचक्यांतून बोट फिरवतात. शोध गोचिडाचा असतो. ‘पण त्याची सगळी इंजेक्शनं झालीत,’ असं मालक सांगतात. ते खरं असतं, पण इथे उपयोगाचं नसतं. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज यांच्यावर लस आहे. गोचिडामुळे पसरणाऱ्या, ‘टिक फिव्हर’ या नावाखाली येणाऱ्या आजारांवर आपल्याकडे लस मिळत नाही.

या नावाखाली दोन मुख्य आजार येतात. बबेशिया हा एकपेशीय परजीवी रक्तातल्या लाल पेशींत शिरून त्या फोडतो. मग हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी गडद होते, कधी कावीळ होते. भारतात आढळणारी त्याची एक जात १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखली गेली. दुसरा एर्लिकिया हा जिवाणू. तो पांढऱ्या पेशींत राहतो आणि १९३५ साली अल्जीरियात सापडला. बबेशियाचा तडाखा बहुधा लवकर दिसतो. एर्लिकिया गप्प बसू शकतो, म्हणून त्याचा धोका ओळखण्यात आपण जास्त चुकतो.

हा जिवाणू पसरवणारा तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसतो तेवढाच नसतो. अंड्यातून पिल्लू निघतं, कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. मग एखाद्या फटीत कात टाकतं आणि पुन्हा कुत्रा गाठतं. असं रक्त पिणं तीनदा होतं. शेवटी वाटाण्याएवढी फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीवर चढून प्लास्टरच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. आयुष्याचा ९० टक्क्यांहून जास्त काळ गोचीड कुत्र्याबाहेरच असतो. प्रौढ गोचीड रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतो. बाकीच्या बऱ्याच जातींना रान लागतं, याला वन-बीएचके पुरतो. चौथ्या मजल्यावरचा, दिवसातून दोनदाच खाली उतरणारा कुत्राही म्हणून सुटत नाही.

एर्लिकिया मादी गोचिडाकडून तिच्या अंड्यांत जात नाही. म्हणजे भिंतीतल्या भेगेतून बाहेर पडणारी हजारो पिल्लं कोरी असतात. त्यांना जिवाणू मिळतो तो आधीच बाधित असलेल्या कुत्र्याचं रक्त पिताना. पुढच्या अवस्थेत तोच गोचीड तो दुसऱ्या कुत्र्याला देतो. हा बाधित कुत्रा बऱ्याचदा आजारी दिसतच नाही.

कारण एर्लिकियाचे टप्पे. चाव्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, भूक जाते, लसिकाग्रंथी सुजतात, प्लेटलेट घसरतात. हे दोन-चार आठवडे चालतं. मग औषध न देताही कित्येक कुत्रे सावरतात, आणि मालक म्हणतात, ‘उन्हानं झालं असेल.’ काहींच्या शरीरातून जिवाणू खरोखर जातो. काहींत तो प्लीहेत दडून महिने, कधी वर्षं राहतो. कुत्रा खातो-पितो, शेपटी हलवतो. रक्त तपासलं तर प्लेटलेट जरा कमी, एवढंच. त्यांतल्या काहींची अस्थिमज्जाच पुढे थकते. सगळ्याच रक्तपेशी कमी होतात, नाकातून रक्त वाहू लागतं. इथवर पोचलेला कुत्रा वाचवणं फार अवघड. व्हिएतनाम युद्धात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याचे दोनशेहून अधिक कुत्रे असेच गेले. त्यांत जर्मन शेफर्ड मोठ्या संख्येने होते. या जातीत आजार जास्त तीव्र होतो, हे पुढच्या अभ्यासांतही दिसलं.

एर्लिकियावरचा उपचार स्वस्त आहे: डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, साधारण चार आठवडे. गंमत अशी की ते फार लवकर काम करतं. एक-दोन दिवसांत कुत्रा उठून जेवायला मागतो, आणि बऱ्याच घरांत कोर्स तिथेच थांबतो. प्लेटलेटचे आकडे वर गेले म्हणजे जिवाणू संपला असं नव्हे. पपईच्या पानांच्या रसाचंही तेच. प्लेटलेट ज्याच्यामुळे घसरतात त्या जिवाणूला तो मारत नाही, आणि रसाच्या भरवशावर गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

चाचणीचा निकालही समजून घ्यावा लागतो. दवाखान्यातली झटपट पट्टी बहुधा जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसांत ‘निगेटिव्ह’ आलं तरी निर्धास्त होऊ नये. उलट, पूर्ण बऱ्या झालेल्या कुत्र्यातही ती महिनोन्‌महिने टिकतात. मागच्या वर्षी उपचार झालेल्या धडधाकट कुत्र्याची पट्टी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून पुन्हा गोळ्या सुरू करण्याआधी रक्ताचे आकडे आणि शक्य असल्यास पीसीआर, म्हणजे खुद्द जिवाणूचा अंश शोधणारी चाचणी, बघावं.

गोचीड मारायला मिळणाऱ्या महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या चघळायच्या गोळ्या प्रभावी आहेत. मात्र त्यांनी गोचीड मरतो तो चावल्यावर, आणि एर्लिकिया काही तासांतच कुत्र्यात उतरू शकतो. म्हणून जिथे प्रादुर्भाव जास्त, तिथे गोचिडाला चिकटूच न देणारा औषधी पट्टाही लावायचा का, हे डॉक्टरांना विचारावं. घरात मांजर असेल तर ते आधी सांगा. कुत्र्यांच्या औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. रॉकेल चोळणं हा तर निव्वळ अत्याचार: कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो.

एवढं करूनही एक काम उरतं, ते घराचं. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुणं, फटी बुजवणं, चौकटींमागे आणि सोफ्याखाली व्हॅक्यूम फिरवणं, गरज पडली तर कुत्र्याला बाहेर ठेवून फवारणी करून घेणं. अंगावर गोचीड दिसेनासे झाले तरी गोळ्या काही महिने चालू ठेवाव्यात, कारण भिंतीतली पिढी अजून बाहेर यायची असते. आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर तो कितीही ठणठणीत दिसो, त्याच्याही प्लेटलेट त्याच दिवशी तपासून घ्याव्यात.