मालकी सागाची तोड उन्हाळ्यात आली तर: परवानगी, कागदपत्रं आणि वणव्याची तयारी

बांधावरचा साग विकायचा ठरला की बहुतेक जण दिवाळीनंतर अर्ज करतात. मग मोजणी, पाहणी, सह्या, आणि परवानगी हातात पडेपर्यंत शिमगा येतो. तोवर सागाने पान गाळलेलं असतं, झाडाखाली घोटाभर पाचोळा साचलेला असतो आणि वन विभागाचा वणव्याचा हंगामही सुरू झालेला असतो. महाराष्ट्रात हा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतात. त्यामुळे परवानगी आणि आगीची तयारी या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच सांगतो. मला विचाराल तर अर्ज पावसाळ्यातच टाकावा, म्हणजे तोड संक्रांतीच्या आसपास उरकते.

परवानगी कोणाला लागते?

ग्रामीण भागात 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यातलं झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही. सुबाभूळ आणि निलगिरी या यादीत नाहीत. शहरी हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे, तिथे अर्ज महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे करायचा.

खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर वाट निराळी आहे. त्यासाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तोड आणि विक्री वन विभागामार्फत होते आणि पैसे खातेदाराला मिळतात. व्यापारी परस्पर सौदा करून हातावर आगाऊ रक्कम टेकवत असेल तर ती घेऊ नका. कवडीमोलाने झाडं जाऊ नयेत म्हणूनच तर हा कायदा झाला.

कागद कोणते?

आपल्या गावासाठी वृक्ष अधिकारी कोण, हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या आणि कागदांची यादीही तिथूनच मागा. साधारणपणे ताजा सातबारा, 8-अ, आधार, गटाचा नकाशा, भूमी अभिलेख खात्याकडची मोजणीची प्रत आणि झाडांची यादी लागते. यादीत जात, संख्या आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवरचा घेर लिहायचा. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा. पुण्या-मुंबईला असलेल्या एका चुलत भावाच्या सहीवाचून कितीतरी प्रकरणं वर्षभर पडून राहतात.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी तपासा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का? नसेल तर ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवता येतात. दुसरं म्हणजे ‘इतर हक्क’ रकान्यात खासगी वनाची किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 च्या नोटिशीची नोंद आहे का? कोकणात हे फार आढळतं. अशी नोंद असेल तर आधी ती सोडवावी लागते, तोवर अर्ज पुढे सरकत नाही.

गट जंगलाला लागून असेल तर हद्दीची पाहणी होते. मोजणीचे खांब जागेवर नसतील तर हेलपाटा पक्का. तोडीनंतर मालावर वन विभागाच्या हातोड्याचा शिक्का पडतो आणि वाहतूक पास निघाल्यावरच गाडी हलते. राज्याबाहेर माल न्यायचा असेल तर डिसेंबर 2023 पासून देशभर राष्ट्रीय पास प्रणाली ऑनलाइन सुरू आहे. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

आगीची जबाबदारी कोणावर?

भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 सांगतं, की राखीव जंगलाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं किंवा जळता सोडणं हा गुन्हा आहे. तोडीनंतरच्या फांद्या आपल्याच शेतात पेटवल्या आणि ठिणगी पलीकडे गेली, तर ‘शेत माझं होतं’ म्हणून सुटका नाही. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवण्याचा अधिकारही सरकारला आहे. एकाच्या काडीचा भुर्दंड अख्ख्या गावाला पडतो तो असा.

याच अधिनियमाचं कलम 79 झाडं तोडणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांना फारसं ठाऊक नसतं. राखीव किंवा संरक्षित जंगलातून माल काढायची परवानगी ज्याला आहे तो, आणि त्याने कामावर ठेवलेला प्रत्येक माणूस, वणवा कळताच विझवायला पावलं उचलण्यास कायद्याने बांधलेला आहे. जंगल कामगार सहकारी संस्थेच्या कूपातला, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातला मजूरही त्यात आला.

टोळीची तयारी

मुकादमाने काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच वनरक्षकाला कळवावं: गट नंबर, माणसं किती, मुक्काम कुठे. वनरक्षकाचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1926, रुग्णवाहिकेचा 108.

सामान घरचंच पुरतं. कोयते, फावडी, दाताळं, आणि फवारणीचे दोन पाठपंप साध्या पाण्याने भरून. पंप स्वच्छ धुतलेले असावेत, तणनाशकाचा उरलेला घोळ त्यात नको. करवत मशीनमध्ये पेट्रोल भरायची जागा पाचोळा ओढून मातीपर्यंत मोकळी करा. मशीन थंड झाल्यावरच भरा आणि भरल्यावर दहा पावलं दूर जाऊन सुरू करा. चूल मुक्कामाच्याच ठिकाणी, भोवती माती मोकळी करून. बिडीचं थोटूक मातीत दाबायचं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण पाचोळ्यात टाकलेल्या थोटकाला कोणाची भीड नसते.

फांद्यांचे ढीग हद्दीपासून आत ठेवा आणि भोवती तीन मीटर पट्टा झाडून काढा. ढीग पेटवू नका, सरपण म्हणून गावात वाटून टाका. भर दुपारी मशीन बंद ठेवा, आणि संध्याकाळी काम थांबल्यावर एक माणूस तासभर जागेवर थांबू द्या, कारण धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

आग लागलीच तर लहान असताना हिरव्या डहाळ्यांनी, कडेकडेने, वाऱ्याकडे पाठ करून झोडपा. चढावर आगीच्या वर कधीच थांबू नका, आग डोंगर चढताना माणसापेक्षा वेगाने धावते. समोरून उलट आग लावायचा प्रयोग वन कर्मचारी हजर नसताना करायचा नाही. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की हत्यारं टाकून आधीच ठरवलेल्या वाटेने बाहेर पडा. 8 एप्रिल 2021 ला नवेगाव-नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले आणि दोघं गंभीर भाजले. ती माणसं याच कामातली होती.

म्हणून टोळीच्या कागदांत आणखी एक जोडा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून घेते, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये. मुकादमाने हंगामाआधी सगळ्यांची पासबुकं एकदा पाहावीत. हप्ता दरवर्षी मे अखेरीस कापला जातो आणि खात्यात तेवढेही पैसे नसतील तर संरक्षण बंद पडतं.

मोबाइलवर वणव्याच्या सूचना हव्या असतील तर देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आपला नंबर आणि भाग नोंदवता येतो. पण त्या उपग्रहावरून येतात, एका ठिपक्यात 375 मीटरचा तुकडा मावतो, आणि उपग्रह डोक्यावरून गेल्याशिवाय आग दिसत नाही. तोवर धूर तुमच्याच माणसाला आधी दिसलेला असतो, त्यामुळे मेसेजची वाट न पाहता वनरक्षकाला फोन लावा.