वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार : कोण करू शकतो, कागद कोणते, पुढे काय होते

वकिलाने न्यायालयाशी, पक्षकाराशी, प्रतिपक्षाशी आणि सहकारी वकिलांशी कसे वागावे याचे लेखी नियम आहेत. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 49 खाली बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेने ते केले आहेत आणि ते मोडल्यास सनद, म्हणजे वकिलीचा परवानाही जाऊ शकतो. हे नियम पक्षकारांना सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे मनात राग असतो, हातात कागदही असतात, पण नेमका कुठला नियम मोडला हे अर्जात येत नाही आणि तक्रार तिथेच अडते.

आधी नियम शोधा

केस हरणे म्हणजे वकिलाचे गैरवर्तन नव्हे. सल्ला चुकला, युक्तिवाद कमी पडला, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. फी घेऊन सलग तारखांना गैरहजर राहणे, त्यामुळे दावा निकाली निघणे आणि हे पक्षकारापासून लपवणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे व मागितल्यावर त्याची नक्कल देणे वकिलाला बंधनकारक आहे. निकालातून मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणे नियम 20 ने बंद केले आहे. पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी मुदतीची सूचना न देता मधेच केस सोडता येत नाही. सोडली तर न केलेल्या कामाची फी परत करावी लागते.

बोलण्या-वागण्याचे नियमही तितकेच बंधनकारक आहेत आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नियम 4 सांगतो की वकील हा पक्षकाराचा नुसता भोंगा नाही. पत्रव्यवहारात त्याने संयमी भाषा वापरावी, अर्ज-कैफियतीत बदनामीकारक हल्ले टाळावेत, युक्तिवाद करताना तोल सोडू नये आणि पक्षकार गैरमार्गाचा हट्ट धरत असेल तर त्याचे वकीलपत्र नाकारावे. नियम 34 प्रमाणे समोरच्या पक्षकाराला वकील असेल तर त्याच्याशी परस्पर तडजोडीची बोलणी करता येत नाहीत, ती त्याच्या वकिलामार्फतच व्हावी लागतात. नियम 35 आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. प्रतिपक्षाला दिलेला रास्त शब्द तोंडी असला, कायद्याने बजावता येण्याजोगा नसला, तरी तो पाळण्याचा वकिलाने आटोकाट प्रयत्न केला पाहिजे.

सर्वाधिक कटकट होते ती वकील बदलताना. नियम 39 नुसार आधीचे वकीलपत्र दाखल असेल तर नव्या वकिलाने पहिल्याची संमती (एनओसी) घ्यायची असते. ती मिळाली नाही तर कारण लिहून न्यायालयाकडे अर्ज करायचा आणि परवानगी मिळाल्यावरच उभे राहायचे. म्हणजे एनओसी अडवून कुणी पक्षकाराला कायमचे बांधून ठेवू शकत नाही. फी थकली म्हणून केसची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले आहे. फाइल लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने मागा आणि पोचपावती जपून ठेवा. पुष्कळ प्रकरणे या एका पत्रावरच मिटतात.

तक्रार कोण करू शकतो

तक्रार त्या वकिलाच्या स्वतःच्या पक्षकाराने केली तर अडचण नसते. कलम 35 मध्ये ‘तक्रारीवरून किंवा अन्यथा’ असे शब्द आहेत, त्यामुळे राज्याची बार कौन्सिल स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मात्र सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र-गोव्याच्याच प्रकरणांत बजावले की तक्रारदार आणि वकील यांच्यात साधारणपणे व्यावसायिक नाते असायला हवे. प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवण्याआधी गैरवर्तन झाल्याचे मानण्याची कारणे कौन्सिलने नोंदवलीही पाहिजेत. समोरच्या वकिलाने आपल्या पक्षकाराची बाजू जोरात मांडली म्हणून त्याच्यावर तक्रार केली तर ती टिकणार नाही. प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याची केवळ ओळख पटवली, एवढ्यावरून वकील आतल्या मजकुराला जबाबदार होत नाही, हेही न्यायालयाने तेव्हाच सांगितले.

तक्रार कुठे करायची हे सनद कुठली त्यावर ठरते, वकील कुठे काम करतो त्यावर नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांची नोंद मुंबईच्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे असते. बेळगावच्या वकिलाची सनद कर्नाटकची असेल तर तक्रार बंगळूरला जाईल, इंदूरच्या वकिलाची मध्य प्रदेशची असेल तर जबलपूरला. सनद क्रमांक वकीलपत्रावर असतो. महाराष्ट्राचा क्रमांक ‘एमएएच’ने सुरू होतो, त्यानंतर अनुक्रमांक आणि वर्ष.

अर्ज आणि कागद

विहित छापील फॉर्मची वाट पाहू नका. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही करून आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन करून, म्हणजे मजकूर खरा असल्याचे लिहून द्यायची असते. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते इतरांकडून कळलेले हे क्रमांकाने लिहा, खाली तारीख आणि ठिकाण टाका. कार्यालय इथेच सर्वांत जास्त त्रुटी काढते. अर्ज मराठीत चालतो. शुल्क आणि प्रतींची संख्या कार्यालयातून त्याच दिवशी विचारून घ्या. शुल्क राहिले किंवा कागद अपुरे असले तर सचिव त्रुटी दूर करायला सांगतात आणि तेवढा वेळ वाया जातो.

अर्जाला वकीलपत्राची प्रत, फीच्या पावत्या किंवा बँक खात्याचा उतारा, झालेला पत्रव्यवहार आणि रोजनाम्याची (न्यायालयाच्या तारीखवार कामकाज-नोंदीची) प्रमाणित नक्कल जोडा. रोजनामा सोडू नका. वकील कोणत्या तारखेला हजर होता आणि कोणत्या तारखेला नव्हता, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरा कागद सांगत नाही. त्यासाठी संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. व्हॉट्सॲप संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे दोन भागांतले प्रमाणपत्र जोडा. त्याचा पहिला भाग तुमचा असतो, दुसरा तज्ज्ञाचा. मूळ फोन विकू नका, त्यातले संदेश पुसू नका.

अर्जात घटना तारीखवार लिहा आणि प्रत्येकीसमोर जोडपत्राचा क्रमांक द्या. विशेषणे गाळा. वकिलाच्या उर्मट भाषेबद्दलची तक्रार जर तशाच भाषेत आली तर ती तिथेच कमजोर होते.

पुढे काय होते

कौन्सिल आधी वकिलाचे म्हणणे मागवू शकते. दखलपात्र वाटल्यास प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. त्यांत दोघे कौन्सिलचे सदस्य आणि तिसरे बाहेरून घेतलेले ज्येष्ठ वकील असतात. समितीला साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे, शपथेवर तपासणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे उलटतपासणीची तयारी ठेवा. सनदेचा प्रश्न असल्याने पुरावाही भक्कम लागतो. दोघांत समेट झाला किंवा तक्रारदाराने माघार घेतली, एवढ्याच कारणाने चौकशी बंद होत नाही. ‘आधी दबाव टाकू, मग मागे घेऊ’ असा हिशेब करून या वाटेला जाऊ नये.

निकाल एका वर्षात लागला पाहिजे. न लागल्यास कलम 36-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. तक्रार पोचल्याचा शिक्का म्हणूनच जपा, वर्ष त्या दिवसापासून मोजतात.

समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढून टाकू शकते. निलंबित वकिलाला त्या काळात देशभर कुठेही वकिली करता येत नाही. नुकसानभरपाई मात्र इथे मिळत नाही. पैशांसाठी दिवाणी दावा करा आणि फसवणूक किंवा अपहार असेल तर पोलिसांत जा. ग्राहक आयोगाची वाट मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाली आहे.

आदेश मान्य नसेल तर तो कळवल्यापासून 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येते आणि तिथल्या निर्णयावर पुढच्या 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. अपील दाखल केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, स्थगितीसाठी मागणी करावी लागते.