रेंज फुल, नेट ढिम्म: २.४ की ५, आणि कुठल्या हाताला?

"अरे, रेंज तर फुल दाखवतंय, मग हे यूट्यूब गोल गोल का फिरतंय?" मावशीचा हा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो. घरात वाय-फाय पुरत नाही म्हणून रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारं यंत्र, आणलेल्या बहुतेकांची गाडी इथेच रुतते. मग सोसायटीत ज्याला त्यातलं कळतं तो सल्ला देतो: "५ वर टाका, फास्ट असतं." दुसरा म्हणतो, "छे, २.४ ठेवा, लांबवर जातं." दोघंही खरं बोलतात, आणि मावशीचं यूट्यूब फिरतच राहतं.

२.४ आणि ५ हे वाय-फायचे दोन बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे. त्यांच्यातला नेहमीचा फरक तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून पटकन उरकतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून बऱ्यापैकी निभावून नेतो, पण वेग बेताचा आणि गर्दी फार. शेजारपाजारचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच गल्लीत. आपल्याकडे त्यात म्हणायला तेरा चॅनल (म्हणजे लेन), पण एकमेकांच्या पायात न येणारे तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस, आणि २०१८ साली सरकारने त्यातला बराच मोठा भाग विनापरवाना केल्यापासून आणखीच. पण दर भिंतीला तो २.४ पेक्षा जास्त खचतो. झालं.

आणखी दोन घोटाळे जाता जाता. राऊटरच्या नावापुढे जे '५जी' लिहून येतं, त्याचा मोबाईलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. तिकडे जी म्हणजे जनरेशन, पाचवी पिढी, इकडे गिगाहर्ट्झ. "माझा फोन ४जी आहे, मला ५जीवालं वाय-फाय चालेल का?" हा प्रश्न मी चांगल्या इंजिनिअर माणसांकडून ऐकलाय. दुसरं, 'वाय-फाय ६' म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे. तो २.४ आणि ५ वरच चालतो. ६ गिगाहर्ट्झ वापरणारा '६ई' वेगळा.

आता खरा गुंता.

राऊटर एकटा असतो तेव्हा "कुठला बँड?" हा एकच प्रश्न असतो, कारण फोन आणि राऊटर यांच्यात एकच दुवा असतो. रिपीटर मध्ये आला की दुवे दोन होतात. रिपीटरला दोन हात असतात म्हणा ना. मागच्या हाताने त्याने राऊटरला धरलेलं असतं आणि पुढच्या हाताने तुमच्या फोनला. प्रत्येक हाताचा बँड वेगळा असू शकतो, आणि फोनवर जी रेंज दिसते ती फक्त पुढच्या हाताची. मागच्या हाताने राऊटरला घट्ट धरलंय की नुसतं करंगळीने लोंबकळतोय, हे फोनला कळत नाही आणि तो दाखवतही नाही. गच्चीवरच्या टाकीला पाणी अर्ध्या इंची पाइपातून येत असेल, तर खाली नळ कितीही भारी बसवा, टाकी रिकामी झाली की तो सुकणारच. लोक नळ बदलत बसतात.

त्यात भर म्हणजे रिपीटरला एका चॅनलवर एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही. दोन्ही हात एकाच बँडवर असले तर राऊटरकडून आलेलं डेटाचं प्रत्येक पाकीट आधी ऐकायचं, मग तेच पुन्हा तुमच्याकडे बोलायचं. तेच पाकीट हवेत दोनदा जातं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. हा रिपीटरमधला बिघाड नाही, महागडा आणला तरी ही वजाबाकी चुकत नाही.

आता जोड्या लावून पाहू. मागे २.४, पुढेही २.४: सगळ्यात वाईट, आणि ५ गिगाहर्ट्झ नसलेले स्वस्त रिपीटर हेच करतात. खोक्यावर 'एन३००' लिहिलेलं असतं. ते ३०० एमबीपीएस मिळवायला ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो, म्हणजे २.४ चा जवळपास अर्धा रस्ता एकट्याने अडवायचा. भरलेल्या इमारतीत ते होत नाही. २० मेगाहर्ट्झवर कागदोपत्री १४४ उरतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही मुश्किलीने, आणि मग रिपीटरमुळे त्याचेही निम्मे. वर भिंतींची कपात धरली की तुमचा १०० एमबीपीएसचा प्लॅन बेडरूममध्ये पंधरा-वीसवर येतो तो इथे.

मागे ५, पुढेही ५: निम्मा होतोच, पण मोठ्या आकड्याचा निम्मा. साध्या दोन अँटेनावाल्या दुहेरी बँडच्या रिपीटरची ५ वरची कागदी गती ८६७ असते. खऱ्या जगातली कपात धरा, निम्मे करा, तरी जागा बरी असेल तर शंभरचा प्लॅन आरामात निघतो. मागे ५ आणि पुढे २.४: इथे दोन रेडिओ वेगवेगळे काम करतात, त्यामुळे तो निम्म्याचा फटका नाही, फक्त २.४ ची स्वतःची मर्यादा. जुना फोन, स्मार्ट बल्ब, कॅमेरा यांना उत्तम.

आणि चौथी जोडी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: मागे २.४, पुढे ५. ही फसवी. फोनच्या सेटिंगमध्ये '५ गिगाहर्ट्झ' दिसतं, लिंक स्पीड ४३३ किंवा ८६६ दिसतो, रेंज फुल. माणूस म्हणतो, मी तर ५ वरच आहे, म्हणजे नेट देणारेच चोर. कस्टमर केअरला फोन, तक्रार क्रमांक, शिव्याशाप. प्रत्यक्षात दोन फुटांवरच्या रिपीटरशी तुमचं ५ वर मस्त चाललंय, आणि रिपीटर बिचारा तीन भिंतींपलीकडच्या राऊटरशी २.४ वर कसाबसा बोलतोय. ही जोडी कोणी मुद्दाम निवडत नाही. रिपीटर लांब लावला की राऊटरचा ५ त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि बरीचशी यंत्रं अशा वेळी चूपचाप मागचा हात २.४ वर नेतात. समोरचा दिवा हिरवाच राहतो.

मावशीकडे नेमकं हेच झालं होतं. कोथरूडला जुन्या सोसायटीतला फ्लॅट, फायबर हॉलमध्ये टीव्हीपाशी, मग पॅसेज, मग टोकाला बेडरूम. दुकानदाराने सांगितलं होतं, "जिथे रेंज येत नाही तिथे लावा." या वाक्याने जितके रिपीटर वाया गेले असतील तितके वीज पडूनही गेले नसतील. अंधाऱ्या खोलीत आरसा टांगून उजेड होतो का? आरसा तिथे लावायचा जिथवर ऊन येतं. रिपीटरही तिथे, जिथे राऊटरचा ५ अजून धडधाकट आहे. मी तो बेडरूममधून काढून पॅसेजमधल्या सॉकेटला लावला, मागचा हात ५ वर बांधला. बेडरूममधली रेंज एका दांडीने कमी झाली. वेग बारावरून सत्तरच्या आसपास गेला. मावशीचं मत: "पण रेंज कमी झाली की रे."

जागा ठरवायला अॅप वगैरे लागत नाही. रिपीटर विकत घेण्याआधीच, ज्या सॉकेटला तो लावायचाय तिथे फोन घेऊन उभे राहा, फोन राऊटरच्या ५ ला थेट जोडा आणि स्पीड टेस्ट करा. तिथे फोनला जे मिळत नाही ते रिपीटरलाही मिळणार नाही. आकडे बघायची हौस असेल तर सिग्नल उणे ६५ ते ७० डीबीएमच्या आत हवा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं). उणे ८० ला आशा सोडा. रिपीटर आधीच लावलेला असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून एकदा आणि राऊटरशेजारी एकदा टेस्ट करा. रिपीटरच्या पायाशीही नेट रडत असेल तर दोष मागच्या हाताचा. नक्की कुठल्या बँडवर आहे ते त्याच्या सेटिंगच्या पानावर लिहिलेलं असतं.

भिंतींचं म्हणाल तर साधी विटांची आतली भिंत ५ ला एखादी-दुसरी परवडते. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये मात्र आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, तिथे एकाच भिंतीत ५ गुडघे टेकतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती, लोखंडी कपाट, लिफ्टचा डक्ट, पाण्याची टाकी, हे सगळे त्याच पंगतीतले.

मग मागच्या हाताला २.४ कधीच देऊ नये का? द्यावा, जिथे दुसरा इलाज नाही आणि भूक कमी आहे तिथे. फाटकावरचा एक कॅमेरा, गच्चीवरच्या टाकीचा मोटर कंट्रोलर, अंगणापलीकडच्या खोलीत आजोबांचं व्हॉट्सअॅप. तिथे पाच-दहा एमबीपीएस पुष्कळ झाले, फक्त सतत मिळाले पाहिजेत. चॅनलची रुंदी २० वर ठेवा, ४० चा मोह नको.

खोक्यावरच्या आकड्यांवर माझा विशेष राग आहे. 'एसी१२००' म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून वर थोडं तूप. एका फोनला ही बेरीज कधीच मिळत नाही. हापूस आणि पायरी एकत्र मोजून पेटी डझनाने विकल्यासारखं आहे ते. त्यापेक्षा मागचं लॅन पोर्ट बघा. तिथे १०/१०० लिहिलं असेल तर वायरीने जोडल्यावर शंभराच्या वर जाणं नाही, पुढे खोक्यावर काहीही छापलेलं असो.

'मेश', म्हणजे एकाच नावाखाली मिळून चालणारे दोन-तीन राऊटर, म्हटलं की सगळं सुटतं, हाही असाच समज. दोन बँडचा मेश वायरीविना लावला तर त्याचेही दोन हात बहुधा त्याच ५ वर असतात आणि निम्म्याचं गणित तिथेही लागू. तीन बँडवाल्यात मागच्या हातासाठी वेगळा रेडिओ ठेवता येतो. जास्तीचे पैसे द्यायचे तर त्यासाठी. मेशमध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना फोनची अदलाबदल सफाईने होते, ते कबूल. पण साध्या रिपीटरलाही राऊटरचंच नाव आणि पासवर्ड देऊन ठेवा. शेवटी '_ईएक्सटी' लावलेली नावं बघितली की मला कसंसंच होतं. घरातल्या म्हाताऱ्यांनी दर खोलीत वाय-फाय बदलत फिरायचं का?

एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: मागच्या हाताचा चॅनल राऊटरचाच असतो, रिपीटरवर बदलून काही होत नाही. राऊटरचा ५ 'ऑटो'वर असेल तर तो कधी ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर जातो. तिथे रडारला मान द्यायचा नियम आहे. रडारची चाहूल लागली की राऊटरने जागा सोडायची. काही रिपीटरना ते चॅनल दिसतच नाहीत. "कधी कधी आपोआप बंद पडतो" ही तक्रार असेल तर राऊटरवर ३६ किंवा १४९ कायमचा बांधून पाहा.

आणि वायर ओढता येत असेल तर यातलं काहीच करू नका. मागचा हात वायरीचा झाला की २.४ की ५ हा वाद पुढच्या हातापुरता उरतो, आणि तो वाद फोन स्वतःच मिटवतो. कॅट ६ केबल, पूर्ण तांब्याची. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती नको. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट बिनतक्रार जातं. रिपीटर 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकायचा, म्हणजे तो नेट वायरीतून घेतो. घराचं काम निघालं असेल तर इलेक्ट्रिशियनला विजेच्या पाइपातून नव्हे, वेगळ्या पाइपातून घालायला सांगा. तो म्हणेल, "साहेब, वाय-फाय असताना वायर कशाला?" त्याचं ऐकू नका.

मावशीने अर्थातच वायर ओढू दिली नाही. नुकताच रंग दिला होता. त्यामुळे रिपीटर पॅसेजमध्येच आहे. फक्त त्या सॉकेटला पूर्वी डासांचं मशीन असायचं. रोज संध्याकाळी सातला ती रिपीटर काढून ते लावते, आणि सव्वासातला मला फोन येतो.